नगरसेवकाच्या घराचा पत्ता सगळ्यांना माहीत आहे. मग तो मॅपवर टाकला तर बिघडलं कुठे?

दापोडीत नगरसेवक कुठे राहतो हे शोधायला गूगल लागत नाही. मेट्रो स्टेशनच्या खाली उतरा, कुठल्याही टपरीवर चहा घेता घेता नाव विचारा. "त्या गल्लीतून आत जा, फ्लेक्स लावलाय बघा मोठा," असं उत्तर मिळतं. मग तोच पत्ता मी वेबसाइटवर टाकला तर त्यात वाईट काय?

हा प्रश्न मला माझ्या मित्राने विचारला आणि खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध. वाचून झाल्यावर तुम्हाला दोन गोष्टी नीट सांगता येतील: लोकप्रतिनिधीची कोणती माहिती मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि कोणती माहिती हातात असूनही फॉरवर्ड करू नये.

सुरुवात एका छोट्या प्रोजेक्टने झाली

पिंपरी चिंचवड महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली. त्याआधीची फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती. म्हणजे जवळपास नऊ वर्षांचं अंतर, आणि मार्च २०२२ पासून तर नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी महापालिकेसाठी पहिल्यांदाच मतदान केलं.

म्हटलं, आपल्या भागातल्या उमेदवारांचं एक साधं वेबपेज बनवू. शिक्षण काय, गुन्हे किती, मालमत्ता किती, सगळं एकाच जागी. मोबाईलवर दोन मिनिटांत वाचून होईल असं. उमेदवार अर्जासोबत शपथपत्र देतात, त्यात हे सगळं असतं. अडचण एवढीच की ही शपथपत्रं स्कॅन केलेल्या पीडीएफ असतात. म्हणजे पानाचा फोटोच. त्यात शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही. मी एक स्क्रिप्ट लिहिली, ओसीआर चालवलं (फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणारं सॉफ्टवेअर) आणि सगळं एका शीटमध्ये ओतलं.

शीट उघडली तेव्हा रकाने असे दिसले: नाव, वय, घरचा पत्ता, मोबाईल नंबर, गाड्या, दागिने, बँक खाती, जोडीदाराचं उत्पन्न, अवलंबून असलेल्या मुलांची नावं.

मित्र म्हणाला, "पत्ते आहेतच ना, मग मॅपवर पिना टाकू. भारी दिसेल." पंधरा मिनिटांचं काम होतं. केलं. माझ्याच लॅपटॉपवर मॅप उघडला. एक पिन आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होती. पिनवर बोट ठेवलं की त्या ताईंचं नाव, मोबाईल, आणि खाली त्यांच्या मुलीचं नाव. ती मुलगी रोज आमच्या दारावरून शाळेत जाते.

एकही माहिती मी चोरलेली नव्हती. सगळी सरकारी कागदावरचीच. तरी तो मॅप ऑनलाइन टाकायला हात धजावला नाही.

माहिती तीच, पण पोहोच वेगळी

टपरीवर पत्ता विचारणारा माणूस टपरीवाल्याला दिसतो. तो कोण, कशासाठी आला, याचा अंदाज आपोआप घेतला जातो. वेळ पडली तर "कोण रे तू?" असंही विचारलं जातं. पूर्वी शपथपत्रं निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेर नोटीस बोर्डावर लागायची. वाचायचं तर तिथे जावं लागायचं. थोडक्यात, माहिती खुली होती पण ती मिळवायला थोडा त्रास होता, आणि तो त्रास हेच एक संरक्षण होतं.

सॉफ्टवेअर नेमका हा त्रास काढून टाकतं. शेकडो लोकांचे पत्ते एका क्लिकमध्ये, जगात कुठूनही, नाव न सांगता.

दुसरी गोष्ट म्हणजे तुकड्यांची जुळणी. पत्ता एका कागदावर, गाडीचा नंबर दुसरीकडे, मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगचा फोटो फेसबुकवर, रोज सकाळी कुठे चालायला जातात त्याचं रील इन्स्टाग्रामवर. एकेक तुकडा निरुपद्रवी. चारही एकत्र केले की माणसाची दिनचर्या तयार होते.

म्हणून "आधीच पब्लिक आहे ना" हे उत्तर अर्धवट आहे. किती पब्लिक, कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी, हेही विचारायला हवं.

पण ही माहिती खुली झालीच का?

इथे घाईने "मग सगळं लपवा" असं म्हणू नका. कारण उमेदवाराची माहिती आपल्याला सहज मिळालेली नाही.

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स म्हणजे एडीआर या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ ला निकाल दिला: उमेदवारावरचे गुन्हे, त्याची मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. त्यानंतर संसदेने कायद्यात बदल करून हा निकाल बराचसा बोथट केला. तो बदल १३ मार्च २००३ ला न्यायालयाने रद्द ठरवला. तेव्हापासून शपथपत्र टळत नाही. लोकसभा-विधानसभेसाठी ते 'फॉर्म २६' मध्ये असतं आणि निवडणूक आयोगाच्या 'नो युअर कॅन्डिडेट' ॲपवर बघता येतं. एडीआरच्या 'माय नेता' साइटवर तेच सोप्या तक्त्यात मिळतं. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि तिथेही शपथपत्र द्यावंच लागतं.

कामाची माहिती खुली असणं किती महत्त्वाचं, हे दापोडीकरांना वेगळं सांगायला नको. डिसेंबर २०१९ मध्ये इथे ड्रेनेज लाईनसाठी खणलेल्या खोल खड्ड्यात एक कामगार अडकला. त्याला वाचवायला उतरलेला अग्निशमन दलाचा जवानही मातीखाली गेला. दोघांचाही जीव गेला. अशा वेळी काम कोणाचं, देखरेख कोणाची, पाहणी कोणी केली, सही कोणाची, हे प्रश्न कोणाच्या 'पर्सनल लाईफ'मध्ये डोकावणं नसतं.

आणि ही माहिती मागणाऱ्यालाही धोका असतो, हे आपण विसरतो. आपल्याच पट्ट्यात तळेगाव दाभाडेला सतीश शेट्टी हे माहिती अधिकार कार्यकर्ते जमीन व्यवहारांची कागदपत्रं काढून प्रकरणं बाहेर आणत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. सुरक्षिततेची चर्चा फक्त खुर्चीवरच्या माणसापुरती ठेवली तर अर्धं चित्र सुटतं.

भीतीही खोटी नाही

१४ जून २०२५ ला अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मेलिसा हॉर्टमन या आमदार आणि त्यांचे पती यांना त्यांच्याच घरी गोळ्या घालण्यात आल्या. त्या तिथल्या प्रतिनिधीगृहाच्या माजी अध्यक्ष होत्या. तपास यंत्रणेने न्यायालयात दिलेल्या कागदपत्रांनुसार, लोकांचे पत्ते शोधून देणाऱ्या वेबसाइट्सची यादी संशयिताच्या वहीत सापडली. त्यानंतर तिथल्या काही राज्यांनी आमदारांचे घरचे पत्ते सरकारी साइटवरून काढून टाकले.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं दिसतं. ८ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुक लाईव्ह चालू असताना गोळ्या घातल्या गेल्या. गोळ्या झाडणारा त्यांच्या शेजारी बसून लाईव्ह करत होता, चांगला ओळखीचा. तिथे पत्ता लपवून काही उपयोग झाला नसता.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट कळते: सुरक्षा म्हणजे फक्त माहिती लपवणं नाही. कोणती माहिती कोणता धोका वाढवते, हे बघून ठरवावं लागतं. घराचा पत्ता, मुलांची शाळा, आत्ता या क्षणी कुठे आहे, याने धोका वाढू शकतो. पण रस्त्याच्या टेंडरवर कोणाची सही आहे, हे गुप्त ठेवून नगरसेवकाच्या मुलीची सुरक्षा एक टक्काही वाढत नाही.

कायद्यात दोन वेगळी कुलपं आहेत

हा भाग नीट वाचा, कारण नेमकी गडबड इथेच होते.

माहिती अधिकार कायदा २००५ चा. कोणती माहिती नाकारता येते त्याची यादी कलम ८(१) मध्ये आहे. त्यातली दोन कलमं आपल्या कामाची:

• ८(१)(जी): जी माहिती दिल्याने एखाद्याच्या जीवाला किंवा शारीरिक सुरक्षेला धोका होईल, ती नाकारता येते. हे सुरक्षेचं कुलूप.

• ८(१)(जे): हे खासगीपणाचं कुलूप. मूळ कायद्यात त्याला अट होती. ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा जी दिल्याने विनाकारण खासगीपणा मोडतो, तीच नाकारायची. तीही व्यापक जनहित असेल तर द्यायची. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती सामान्य माणसालाही नाकारायची नाही, असं त्यात लिहिलेलं होतं.

मग डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ आला. त्याच्या कलम ४४(३) ने दुसरं कुलूप बदललं. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल लागू झाला. आता ८(१)(जे) मध्ये अटी नाहीत, फक्त 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलंय.

कोडिंग करणाऱ्यांना एका वाक्यात सांगायचं तर: आधी 'इफ'च्या आत तीन अटी होत्या, आता सगळ्या काढून एकच ठेवली, आणि ती जवळपास कायम 'ट्रू' येते. कारण सरकारी कागदावर कोणाचं ना कोणाचं नाव असतंच.

याचा अनुभव मी घेतला. आमच्या भागातल्या एका कामाची पाहणी कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या तारखेला केली, एवढंच मी एका सरकारी कार्यालयाला विचारलं होतं. उत्तर आलं, 'सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने नाकारण्यात येत आहे.' मी काही त्या साहेबांच्या घरचा पत्ता मागितला नव्हता.

पण दार पूर्ण बंद झालेलं नाही. कलम ८(२) अजून तसंच आहे: माहिती देण्यातलं जनहित हे होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. माझ्या पहिल्या अपिलात मी हेच लिहिलं. अपील अजून चालू आहे.

आणखी एक गैरसमज दूर करतो. "नवीन डेटा कायदा आला, आता शपथपत्रं शेअर करणं बेकायदेशीर," असा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला असेल तर तो चूक आहे. जी माहिती एखाद्या कायद्याच्या बंधनामुळे जाहीर करावी लागते, तिला हा डेटा कायदा लागूच होत नाही, असं त्याच्या कलम ३ मध्येच म्हटलंय.

न्यायालयाने रेष कुठे ओढली?

अरुणाचल प्रदेशातले आमदार कारिखो क्री यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ ला निकाल दिला. उमेदवाराने आपली प्रत्येक वस्तू जाहीर करायलाच हवी का, असा मुद्दा होता. न्यायालय म्हणालं, नाही. कपडे, बूट, भांडी अशा गोष्टींची यादी द्यायची गरज नाही. पण ज्या वस्तूंची किंमत मोठी आहे किंवा ज्यातून ऐषारामी राहणीमान दिसतं, त्या सांगाव्या लागतील. ज्या गोष्टींचा उमेदवारीशी संबंध नाही, तिथे उमेदवारालाही खासगीपणाचा हक्क आहे.

म्हणजे रेष माणसाभोवती ओढायची नाही. "हा नेता आहे, याचं सगळं खुलं" असंही नाही आणि "हाही माणूस आहे, याचं सगळं बंद" असंही नाही. प्रत्येक रकान्यासाठी वेगळा निर्णय घ्यायचा.

शेवटी मी पेज कसं केलं

प्रत्येक रकान्याला मी एकच प्रश्न विचारला: मत देताना किंवा जाब विचारताना याचा उपयोग काय? त्यातून तीन गट झाले.

१. जसंच्या तसं दाखवायचं: शिक्षण, गुन्हे आणि त्यांची कलमं, एकूण मालमत्ता, कर्ज, उत्पन्नाचं साधन, पक्ष.

२. उत्तर दाखवायचं, तपशील नाही: पत्त्याचंच बघा. महापालिकेत उमेदवार त्याच प्रभागाचा मतदार असायलाच हवा असं नाही, शहरात कुठेही मतदार असला तरी चालतो. म्हणून "हा माणूस आपल्या प्रभागात राहतो का?" हा प्रश्न मतदाराच्या कामाचा आहे. पण त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच पुरतं, फ्लॅट नंबर लागत नाही. ब्रिटनमध्ये हीच युक्ती आहे. तिथे खासदारकीचा उमेदवार मतपत्रिकेवर घरचा पत्ता न छापता फक्त आपण कोणत्या मतदारसंघात राहतो एवढंच छापून घेऊ शकतो. जोडीदाराच्या मालमत्तेचंही तसंच: आकडा दाखवला, बँकेची शाखा आणि खात्याचा तपशील नाही. कारण बायकोच्या नावावर मालमत्ता ठेवायची पद्धत आपल्याला ठाऊक आहे, आकडा लपवला तर शपथपत्राला अर्थ राहत नाही.

३. दाखवायचंच नाही: मुलांची नावं, वैयक्तिक मोबाईल, पॅन, गाडीचे नंबर. 'माय नेता'वरही पॅनचा नंबर येत नाही, पॅन दिलंय की नाही एवढंच दिसतं.

एक तांत्रिक चूक मीही करणार होतो, ती तुम्ही करू नका. पीडीएफमध्ये नंबरावर काळी पट्टी ओढली म्हणजे तो गेला असं नाही. अनेकदा पट्टी वर आणि मजकूर खाली तसाच असतो. सिलेक्ट करून कॉपी केलं की बाहेर येतो. माहिती खरंच काढायची असेल तर मजकूरच डिलीट करा, किंवा पट्टी ओढलेल्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन तो वापरा. आणि फोनमधल्या मार्करने पट्टी ओढताना रंग पूर्ण गडद ठेवा. अर्धपारदर्शक मार्करखालचे आकडे फोटोचा ब्राइटनेस वाढवून वाचता येतात.

मित्र थोडा नाराज झाला. "मग शपथपत्राची मूळ लिंक तरी दे," म्हणाला. ती दिली. ज्याला मूळ कागद तपासायचाय त्याने जरूर तपासावा. मी फक्त त्याचा मॅप करणार नव्हतो.

तुमच्या फोनपुरतं काय करायचं?

फॉरवर्ड करण्याआधी: उमेदवाराचं किंवा नगरसेवकाचं शपथपत्र शेअर करताना मालमत्ता आणि गुन्ह्यांचं पान पाठवा. पत्ता, नंबर, मुलांची नावं असलेलं पान कापा. चिडून "यांच्या घरी फोन करा सगळ्यांनी" असा मेसेज पाठवू नका. प्रभागातल्या तक्रारीसाठी महापालिकेची 'सारथी' हेल्पलाइन आहे, तिथे तक्रारीचा नंबर मिळतो आणि नंतर पाठपुरावा करता येतो. रात्री अकराला केलेल्या फोनची कुठेच नोंद राहत नाही.

माहिती मागताना: प्रश्न माणसाबद्दल नाही, पदाबद्दल लिहा. 'अमुक साहेबांची माहिती द्या' असं न लिहिता 'या कामाची पाहणी केलेल्या अधिकाऱ्याचं पदनाम, पाहणीची तारीख आणि अहवालाची प्रत द्या' असं लिहा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, फी १० रुपये. कारण सांगायची गरज नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. 'वैयक्तिक' म्हणून नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील करा आणि त्यात कलम ८(२) चा उल्लेख करून जनहित काय आहे ते दोन ओळींत लिहा. तिथेही नाही मिळालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

आणि सुरक्षेचं कारण देऊन नाकारलं तर नम्रपणे विचारा: नेमकी कोणती ओळ दिल्याने कोणाच्या जीवाला धोका आहे? ती ओळ झाका आणि बाकी कागद द्या. कलम १० मध्ये याची सोय आहे, कागदाचा देण्याजोगा भाग वेगळा करून देता येतो.

मतदानाच्या आदल्या दिवशी त्या ताई रस्त्यात भेटल्या. आमच्या पेजची लिंक त्यांच्याकडेही पोहोचली होती. म्हणाल्या, "माझं कर्ज पण टाकलंस की रे त्यात!" मी म्हटलं, "ताई, ते तर टाकावंच लागतं." त्या हसल्या आणि पुढच्या घराची बेल वाजवायला गेल्या. मुलगी सोबत होती, हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन.